मला तीन दिवस, वहिनीला दहा

माझी आई गेली तेव्हा मला सुतक आलं तीन दिवसांचं आणि माझ्या वहिनीला दहा दिवसांचं. शास्त्रच तसं आहे. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची, तिनं आईवडिलांचं तीन दिवस पाळायचं. सून त्या घरची, तिनं दहा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पन्नाशी उलटलेली बाई मी, आळीतली मर्तिकं काय थोडी पाहिली? पण गुरुजींनी पंचांग मिटता मिटता ते सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं आईचं औषधपाणी, पथ्य, डॉक्टरांच्या फेऱ्या, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं मी केलं. शाळेतली क्लार्कची नोकरी, माझं घर आणि नाचणे गावातलं आईचं घर, अशा तीन जागी मी धावत होते. वहिनी ठाण्याला. गणपतीत पाच दिवस, मे महिन्यात आठ दिवस, आणि रोज संध्याकाळी सातला फोन. तिला दहा आणि मला तीन!

खरं सांगायचं तर वहिनीचा हेवा मला तिच्या लग्नापासूनच वाटत आला आहे. आईला ती पहिल्या भेटीत आवडली, हेच मुळात मला आवडलं नाही. ती अलोऱ्याची, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली. बोलणं मोजकं आणि हातात सदा कागद. प्रवासाला निघायची यादी, गणपतीच्या सामानाची यादी, फ्रीजमध्ये काय उरलंय त्याचीही यादी. मी तिला मनातल्या मनात 'यादीबाई' म्हणायची. आईला मात्र तिचं भारी कौतुक. "बघ गो, किती व्यवस्थित लिहिलंन हिनं," असं मलाच दाखवायची. दुरून डोंगर साजरे, तशी लांबची सून गोड, असं मी नवऱ्याला म्हणे. तो पेपरातून डोकं वर काढत नसे.

सातच्या फोनची तर मला चीडच होती. मी बहुधा तेव्हा आईला मऊ भात भरवत असायची. फोन वाजला की आई ताट बाजूला सारायला लावी. माझ्याशी ती दुखण्याचं बोलायची. गुडघा, झोप, पोट साफ झालं की नाही. वहिनीशी बोलताना हसायची. एवढं काय हसण्यासारखं असतं, म्हणून मी भांडी घासता घासता कान लावून ऐकायची, पण आई नेमकी त्या वेळी आवाज बारीक करी.

आणि ते भाट्ये. चार वर्षांपूर्वीचा मे महिना. मी फणसपोळ्या घालत होते, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. वहिनी आणि आई नेसून-सवरून बाहेर आल्या. "भाट्याला जाऊन येतो जरा," आई म्हणाली. मला 'चल' म्हणालीसुद्धा नाही. रिक्षा आली, गेली. तीन तासांनी दोघी परत आल्या त्या खिदळतच. मी आधी बघितले ते त्यांचे पाय. समुद्रावर जाऊन आलेल्या बायका, पण पायाला वाळूचा एक कण नव्हता. विचारलं तर आई म्हणाली, "शहाळं प्यायलो, बसलो, आलो." मी दोन दिवस तोंड फुगवून होते. त्यानंतर चार वर्षांत आई स्वतःच्या पायांनी फारशी कुठे गेली नाही, त्यामुळे तिची शेवटची सहल वहिनीबरोबर झाली हे मी कधी विसरले नाही.

आई गेली ती सकाळी, चहाचे दोन घोट घेऊन. तिसरा घोट गळ्याखाली उतरेना. मी तुळशीचं पान तोंडात ठेवलं, चमच्यानं पाणी घातलं. ते एक भाग्य माझं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि मी दादाला फोन लावला. फोन वहिनीनं घेतला. तिनं आधी दादाला हाक मारली. मग म्हणाली, "वन्सं, आम्ही निघतोच. फ्रीजच्या बाजूला डॉक्टरांच्या कार्डाखाली एक कार्ड लावलंय, त्या नंबरला फोन करा. बाकी सगळं ते बघतील."

"नको," मी म्हटलं. "आमच्याकडे माणसं आहेत." आणि फोन ठेवला.

आमच्याकडे माणसं आहेत! बाबा गेले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी न सांगता कोणाच्या तरी परड्यातला बांबू तोडून आणला, कोणी सुंभ, कोणी मडकं. एक जण गुरुजींकडे, एक जण लाकडांना, दोघे सायकलवरून गावभर सांगायला. घरच्या माणसानं फक्त रडायचं असे. माझ्या डोक्यात तेच चित्र होतं. मी आळीत फोन करायला बसले. पलीकडचे काका ब्याऐंशीचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. त्यांच्या शेजारचे मणक्याचा पट्टा लावून दारात आले आणि दारातच उभे राहिले. तिसऱ्या घराला कुलूप, मुलगा पुण्याला. चौथ्या घरात नवे भाडेकरू, बिचारे हात जोडून म्हणाले, "आम्ही येतो, पण आम्हाला बांधता येत नाही." दहा वाजेपर्यंत माझा नवरा आणि तो भाडेकरू असे दोघे जमले. नवरा हळूच म्हणाला, "खांद्याला चार लागतात."

शेवटी फ्रीजपाशी गेले. ते कार्ड मी रोज बघत होते. त्यावर मंडप डेकोरेशन असं छापलेलं, म्हणून मला वाटायचं की गणपतीचं काहीतरी असेल. उलटून बघितलं तर मागे शिक्का होता: अंत्यविधीची सर्व व्यवस्था केली जाईल.

फोनवरचा माणूस हळू बोलत होता. मी घर कुठलं ते सांगितलं, तशी म्हणाला, "अरेरे. आई गेल्या काय? ताई, तुम्ही काय एक काळजी करू नका. त्यांचं सगळं ठरलेलं हाय."

"कोणी ठरवलं?"

"त्यांनीच. सुनेला घेऊन आलेल्या ना. चार वर्षं झाली असतील. मे महिना होता."

भाट्ये म्हणजे हे होतं तर.

तासाभरात तो तीन माणसांना घेऊन आला. पांढरा सदरा, कपाळाला काही नाही, चपला फाटकाबाहेर काढलेल्या. आधी लग्नाचे मंडप घालायचा, आता मांडवाला माणसं मिळतात पण मयताला मिळत नाहीत, म्हणून हे काम धरलं, असं त्यानं नवऱ्याला सांगितलं. बांबू बांधता बांधता आईबद्दल तो इतक्या आपुलकीनं बोलत होता की मला ऐकवेना. "चार ठिकाणी चौकशी करून माझ्याकडे आलेल्या. गाडी बघितलानी, बांबू हातात धरून वाकवून बघितलानी. म्हणाल्या, मी जाडी आहे हो, मोडणार नाही ना? मग लाकडाचं विचारलानी. म्हटलं, आंब्याचंच असतं. तर म्हणतात, रायवळाचं ना? हापूसचं नको हां, पाप लागेल मला." त्याच्याबरोबरची माणसं हसली. माझा नवराही हसला. आई तिथे जमिनीवर, उत्तरेकडे डोकं करून निजलेली, आणि तिच्यावरच मला असा राग आला की काय सांगू. परक्या मंडपवाल्याला माहीत, सुनेला माहीत, आणि मी रोज दोन वेळा तिच्या डोक्याला तेल लावणारी, मला काही माहीत नाही.

त्यानं विचारलं, "साडी कुठली नेसवायची? सूनबाईंकडं लिहून हाय."

"त्या यायला दुपार होईल. साडी मी काढते," मी म्हटलं.

कपाटातून मी हिरवी रेशमी काढली. माझ्या पहिल्या पगाराची. आईनं ती कितीदा नेसली असेल ते बोटांवर मोजता येईल, पण तिची घडी मात्र ती दर दिवाळीला मोडून पुन्हा घालायची. शेजारच्या काकूंच्या मदतीनं मी आईला अंघोळ घातली आणि ती साडी नेसवली. निऱ्या नीट बसेनात, तरी मी बसवल्या. माझ्या साडीतच जाऊ दे हिला, यादीत काय असेल ते असो.

तीनला दादा आणि वहिनी आले. दादा पायाशी कोसळला. वहिनीनं आईच्या तोंडावरून हात फिरवला, मग तिचं लक्ष साडीकडे गेलं. पर्समधून तिनं चार घड्यांचा कागद काढला. "वन्सं, आईंनी ती निळी सुती..."

निळी सुती म्हणजे वहिनीनं दिलेली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हीच राहील," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं असणार, कारण सगळे बघायला लागले.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी परत घातली. "राहू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे."

तिनं भांडायला हवं होतं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

स्मशानात मीही गेले. हल्ली बायका जातात, आणि मंडपवाला म्हणाला की आईंनी तसं सांगून ठेवलंय, ज्यांना यायचं त्यांनी यावं. वहिनी मागे राहिली. घर धुवायला, आई गेली त्या जागी दिवा लावायला, परत येणाऱ्यांसाठी दारात पाणी आणि कडुनिंबाचा पाला ठेवायला कोणीतरी लागतंच. तेव्हा मला एवढंच वाटलं की बरं झालं, इथे तरी मीच आहे. दादानं खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या घातल्या, अग्नी दिला. हिरवं रेशीम पटकन पेटलं.

मग ते तीन दिवस. येणारा प्रत्येक जण आधी दादापाशी आणि वहिनीपाशी बसायचा. "सुनेनं शेवटपर्यंत फोन चुकवला नाही," असं एक बाई म्हणाल्या. मी समोरच होते. आई गेली त्या जागच्या दिव्यात तेल घालायला आम्ही दोघी एकदमच उठायचो, आणि ती थांबायची. तिचं ते थांबणंही मला टोचायचं. पहिल्या दिवशी काकूंनी पिठलं-भात आणला, पुढे वहिनी सुतकाचं बिनफोडणीचं वरण, भात, उकडलेली भाजी करायची. पान मांडलं की म्हणायची, "वन्सं, बसा. वाढते."

"तुम्ही बसा," मी म्हणायची. "मला उभ्यानं खायची सवय आहे." आणि ओट्यापाशी दोन घास गिळून टाकायची. खोटं नव्हतं ते. आईच्या घरी सहा वर्षं मी उभ्यानंच जेवले होते. पण सांगायचा हेतू टोमण्याचा होता, आणि तो तिला कळत होता. तरी दर वेळी, सकाळ-संध्याकाळ, तेच. "वन्सं, बसा. वाढते." मला वाटायचं, मालकीण झाली ही आता घरची, मला पाहुणी करतेय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजले. सवयीनं माझं लक्ष फोनकडे गेलं. वहिनीचंही गेलं. आम्ही दोघींनी एकमेकींना ते करताना पकडलं, आणि माझा बांध फुटला.

"तुम्हाला का सांगितलंन तिनं?" मी म्हटलं. "मी इथे होते. रोज होते. मला का नाही सांगितलंन?"

वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "सांगायला आल्या होत्या तुम्हाला. तीनदा तरी. मला फोनवर म्हणाल्या होत्या."

मी 'कधी?' असं विचारणार होते, पण विचारायची गरज पडली नाही. एकदा मी तिची वेणी घालत होते. "बाय, मी गेले ना की..." एवढंच ती बोलली होती. "शुभ बोल गो आई," म्हणून मी गाठ जरा जोरातच मारली. एकदा गणपतीत, मोदकांची उकड काढताना. तेव्हाही मी तेच म्हटलं, वर सणाच्या दिवशी काय हे, असंही. तिसऱ्यांदा मी वरणाचं पातेलं आपटून निघून गेले होते आणि संध्याकाळपर्यंत बोलले नव्हते. संध्याकाळी आईनं माझा हात धरला, म्हणाली, "चुकलं हो. नाही बोलायची परत." आणि नाही बोलली. त्यानंतर ती माझ्याशी फक्त गुडघा, झोप आणि पोट एवढंच बोलली. मी तिच्यासाठी दुसरं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"मी चौदा वर्षांची होते, आई गेली तेव्हा," वहिनी म्हणाली. हे मला माहीत होतं, पण पुढचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. "कॉलनीत सगळे परगावचे. कोणी सातारचं, कोणी नांदेडचं, कोणी गुहागरचं. एक म्हणे असं बांधा, दुसरा म्हणे आमच्याकडे तसं नसतं. व्हरांड्यात भांडणं लागली. बाबांना विचारलं तुमची रीत काय, तर त्यांना सांगता येईना. आईला काय हवं होतं ते कुणीच कधी विचारलं नव्हतं. तिला कुठली साडी नेसवली तेसुद्धा शेजारच्या बाईनं ठरवलं. म्हणून तुमच्या आई बोलायला लागल्या तेव्हा मी कागद घेऊन बसले."

तिनं पर्समधून तो कागद काढून माझ्यापुढे धरला.

"मग त्या दिवशी का नाही दाखवलात?"

"अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं असतं, मीच लिहिलंय."

वाटलंच असतं. मी कागद उघडला. गाडीचं, लाकडाचं, गुरुजींचं सगळं क्रमानं. दहावं-तेरावं करावं पण जेवणावळ नको. फोटो तरुणपणीचा लावू नये, लोक ओळखणार नाहीत. मग साडी. 'निळी सुती. हिरवी रेशमी नको, टोचते. ती लेकीच्या पहिल्या पगाराची, जाळू नये. लेकीकडे परत द्यावी, तिनं नेसावी.'

ते मी तीनदा वाचलं. वहिनी तांदळाकडे बघत राहिली. मंडपवाल्याच्या माणसांदेखत, काकूंदेखत, मी माझ्या हातांनी त्या निऱ्या बसवल्या होत्या. आणि एका शब्दानं हे सांगता आलं असतं तरी ही बाई 'बरोबर आहे' म्हणाली होती.

सर्वांत खाली दोन ओळी वेगळ्या अक्षरात होत्या. वाकड्या, एकीवर एक चढलेल्या. आईला चाळिशीशिवाय दिसायचं नाही, आणि भाट्याच्या त्या दिवशी चाळिशी ती घरी विसरली असणार. 'लेकीला तीनच दिवस आहेत. तेवढे दिवस तिला काही करू देऊ नये. तिनं पुष्कळ केलं. तिला बसवून वाढावं.'

मला वाटलं होतं, वहिनी मला पाहुणी करतेय. ती यादी पाळत होती. साडीचं मी मोडलं, लेकीला काही करू देऊ नये हेही मी मोडलं होतं, आणि राहिलेलं एकच ती सकाळ-संध्याकाळ पाळू बघत होती. पाच वेळचं जेवण, त्यातल्या चार वेळा मी तिला ते करू दिलं नव्हतं.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. उरलेले सात दिवस त्या घरात ती असणार होती, दिव्यात तेल तीच घालणार होती, आणि लिहिताना आजही माझ्या पोटात कुठेतरी दुखतंच. पण त्या वेळी मी रडले ती वहिनीच्या खांद्यावर. दुसरा खांदा जवळ नव्हता, असं मी नवऱ्याला नंतर सांगितलं.

भाताच्या कुकरची शिट्टी झाली तशी वहिनी उठली. तिनं पाट मांडला, ताट घेतलं, पाण्याचा तांब्या ठेवला. "वन्सं, उद्या सकाळी अंघोळ झाली की तुम्ही मोकळ्या," ती म्हणाली. "मग तुम्हाला या घरचं अन्न चालणार नाही. आज तरी बसा."

मी बसले. आईच्या स्वयंपाकघरात मी शेवटची कधी बसून जेवले होते ते आठवेना. वहिनीनं भात वाढला, त्यावर बिनफोडणीचं वरण, कडेला मीठ. वाढून ती उभी राहिली, हातात वाडगा घेऊन, जशी मी उभी असायची. वरण अगदी फिकं होतं. मी सगळं खाल्लं, आणि पुन्हा भात मागून घेतला.